दुपारी कुलूप असलेली बाग

आठवड्यातून निदान दोन तास झाडांत, नदीकाठी, डोंगरावर घालवा, मन थाऱ्यावर राहील, असा सल्ला आता डॉक्टर देतात, वर्तमानपत्रांच्या रविवारच्या पुरवण्या देतात, कंपन्यांचे एचआर विभागही देतात. सल्ला पोकळ नाही. इंग्लंडमधल्या सुमारे २० हजार लोकांच्या माहितीवर आधारलेला एक अभ्यास २०१९ मध्ये ‘सायंटिफिक रिपोर्ट्स’ या नियतकालिकात आला. आठवड्याला १२० मिनिटे किंवा त्याहून जास्त वेळ निसर्गात घालवणाऱ्यांमध्ये आपली तब्येत चांगली आहे, आपण समाधानी आहोत, असे सांगणाऱ्यांचे प्रमाण अजिबात बाहेर न पडणाऱ्यांपेक्षा स्पष्टपणे जास्त होते. ते दोन तास एकदम घालवले की रोज थोडे थोडे, याने फरक पडत नव्हता. दोन तासांच्या आत मात्र असा लाभ दिसत नव्हता.

हाच सल्ला चाकणजवळच्या महाळुंग्यात किंवा खराबवाडीत कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतली एक खाट भाड्याने घेऊन, राहणाऱ्या एखाद्या पोराला देऊन पाहा. तो थर्ड शिफ्ट संपवून सकाळी खोलीवर येतो. फर्स्टची मुले कामावर गेलेली असतात, सेकंडची उठून आवराआवर करत असतात, कुणाचा तरी मोबाइल मोठ्याने चालू असतो आणि पत्रा दहा वाजायच्या आतच तापायला लागतो. तुटक झोप काढून तो दुपारी कधीतरी उठतो. त्याच्याकडे त्या वेळी दोन-तीन तास असतात, आणि त्या दोन-तीन तासांत कटिंग चहाची टपरी आणि हातातला मोबाइल सोडला तर जायला जागा नसते. पुढच्या आठवड्यात शिफ्ट बदलते आणि सगळा हिशेब पुन्हा उलटापालटा होतो.

निसर्ग आणि मनःस्वास्थ्य यांवर मराठीत जे लिहिले जाते त्यात हा पोरगा नसतो. त्यात सुट्टी असलेला, गाडी असलेला, स्वतःची वेळ स्वतः ठरवू शकणारा माणूस असतो. म्हणून हा विषय मला पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या पट्ट्यात आणून तपासावासा वाटतो. या पट्ट्यात निसर्ग लांब नाही. पश्चिमेला शेलारवाडीच्या लेण्यांचा घोरावडेश्वर, निगडीत दुर्गा टेकडी, पूर्वेला दिघीचा दत्तगड, उत्तरेला भंडारा आणि भामचंद्र. मधून पवना, इंद्रायणी आणि कडेने मुळा. असेंब्ली लाइनवरून सुटलेल्या माणसाला गेटबाहेर आल्यावर डोंगर दिसतो. तुटवडा आहे तो त्या डोंगरापर्यंत पोहोचवणाऱ्या वेळेचा, आणि ही वेळ कामगाराच्या इच्छाशक्तीवर ठरत नाही. ती शिफ्टच्या तक्त्यावर, रस्त्यावरच्या कोंडीवर आणि बागेच्या फाटकावरच्या कुलपावर ठरते. निसर्गाचा सहवास हा औद्योगिक शहरात वैयक्तिक छंदाचा विषय मानणे मला चूक वाटते. तो पाणीपुरवठ्याइतकाच सार्वजनिक सोयीचा विषय आहे.

आधी निसर्ग मनावर नेमके काय करतो ते पाहू, कारण त्याबद्दल भाबडेपणा फार आहे. रॉजर उलरिच या संशोधकाने १९८४ मध्ये ‘सायन्स’मध्ये एक छोटासा निबंध प्रसिद्ध केला. पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयात १९७२ ते १९८१ या काळात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रुग्णांच्या नोंदी त्याने तपासल्या. निम्म्यांच्या खिडकीतून झाडे दिसत, निम्म्यांना विटांची भिंत. झाडे दिसणारे लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामके कमी लागली. पुढे स्टीफन आणि रेचल कॅप्लान या दांपत्याने १९८९ मध्ये लक्ष देण्याच्या क्षमतेवर एक सिद्धान्त मांडला. आपण मुद्दाम, ताण देऊन जे लक्ष एकाग्र करतो ते थकते. थकले की माणूस चिडचिडा होतो, चुका करतो, छोटे निर्णयही जड जातात. पाने हलताना, ढग सरकताना, पाणी वाहताना पाहण्यात लक्ष आपसूक गुंतते, त्याला जोर लावावा लागत नाही, आणि तेवढ्या वेळात दमलेले लक्ष पुन्हा भरून येते.

या सिद्धान्ताची चर्चा बहुधा विद्यार्थी आणि कार्यालयीन कर्मचारी यांच्या संदर्भात होते. मला वाटते, तो सर्वांत जास्त लागू पडतो तो लाइनवरच्या माणसाला. ठरलेल्या सेकंदांत एक काम, तेच पुन्हा, तेच पुन्हा. डोळा चुकला तर रिजेक्शन, हात चुकला तर बोट. प्रेस शॉपमध्ये बोटे गमावलेली माणसे या पट्ट्यात कमी नाहीत. आठ तास असे ताणलेले लक्ष घेऊन तो बाहेर पडतो आणि मोबाइल उघडतो. कॅप्लान दांपत्याने गुंतवणाऱ्या गोष्टींतही फरक केला होता: मोटारींच्या शर्यतीसारखी काही दृश्ये लक्ष खेचून घेतात, पण मनाला स्वतःकडे पाहायला जागाच ठेवत नाहीत. रील त्याच जातीची. त्यामुळे करमणूक होते, विश्रांती होत नाही, आणि दुसऱ्या दिवशी माणूस तेवढाच थकलेला लाइनवर उभा राहतो.

२०१५ मध्ये ग्रेगरी ब्रॅटमन आणि सहकाऱ्यांनी ३८ जणांना दोन गटांत दीड तास चालायला लावले. एक गट माळरान आणि झाडांमधून, दुसरा अनेक पदरी वाहत्या रस्त्याच्या कडेने. माळरानातून चालून आलेल्यांमध्ये तेच ते विचार घोळवत राहण्याची प्रवृत्ती कमी झाली आणि मेंदूच्या ज्या भागाचा या घोळवण्याशी संबंध आहे तिथली हालचालही मंदावली. रस्त्याकडेने चाललेल्यांत असे काही घडले नाही. आपल्याकडे ‘रोज चालायला जा’ म्हणताना हे विसरले जाते. पुणे-नाशिक महामार्गाच्या कडेने, कंटेनरच्या धुरात, फुटपाथ नसलेल्या पट्टीवरून कुणी तासभर चालले तर पाय चालतील. मन त्याच चक्रात राहील: हप्ता, कंत्राटातला ब्रेक, बहिणीचे लग्न, परमनंट होण्याची पुन्हा एकदा पुढे गेलेली तारीख.

या सगळ्या अभ्यासांना मर्यादा आहेत आणि त्या सांगितल्याच पाहिजेत. उलरिचचे रुग्ण मोजके होते, ब्रॅटमनचे त्याहून मोजके. इंग्लंडच्या पाहणीत उलटा प्रश्न विचारता येतो: निसर्गात गेल्याने माणसे बरी राहतात, की मुळात बरी असलेलीच बाहेर पडतात? गंभीर नैराश्य, सायकोसिस, व्यसन यांवर टेकडी हा उपचार नाही. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात (२०१५-१६) दिसले की आपल्या देशात मानसिक आजार असलेल्यांपैकी, आजारानुसार, ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोहोचतच नाहीत. अशा देशात ‘डॉक्टरकडे कशाला, डोंगरावर जा’ असे कुणी म्हणत असेल तर ते धोक्याचे आहे. ज्याला झोप लागत नाही, जेवण जात नाही, जगणे नकोसे वाटते, त्याने डॉक्टरकडे जावे किंवा १४४१६ या टेलिमानसच्या मोफत क्रमांकावर फोन करावा. निसर्ग त्याच्या सोबतीला असावा. डॉक्टरची जागा त्याने घेऊ नये.

आणखी एक गोष्ट परदेशी अभ्यासांत येत नाही, पण इथे तिला टाळून चालणार नाही. या पट्ट्यातली बरीच मुले लातूर, बीड, धाराशिव, नांदेड, बुलढाणा, जळगाव अशा जिल्ह्यांतल्या शेतकरी घरांतून आली आहेत. त्यांना निसर्ग दाखवायची गरज नाही. त्यांचे बालपण त्यातच गेले. आणि त्या निसर्गानेच त्यांच्या बापाची झोप उडवली. पावसाने दडी मारलेला जुलै, सोयाबीन काढणीच्या वेळेला कोसळलेला ऑक्टोबर, आटलेली बोअर. ज्याने घरासमोर करपलेले पीक पाहिले आहे त्याला ‘हिरवळ पाहा, मन शांत होईल’ असे सांगणे हा त्याच्या अनुभवाचा अपमान आहे.

तरीही हीच मुले सुट्टी मिळाली की गावाकडे धावतात, आणि चार दिवस शेतात राबून परत आली की त्यांचा चेहरा वेगळा असतो. मी यावर बराच विचार केला आहे. शेत माणसाकडून काहीतरी मागते. खत, पाणी, कर्ज, वेळ, आणि सगळे देऊनही हमी नाही. डोंगर काही मागत नाही. झाडाखाली बसलेल्या माणसाला कुणी टार्गेट विचारत नाही. मनाला विसावा मिळतो तो निसर्ग आणि पोटापाण्याची चिंता यांची तेवढ्यापुरती फारकत झाली की. सुट्टीत शेतावर गेलेल्या पोराच्या डोक्यावर त्या चार दिवसांत भाव-बाजाराचा हिशेब नसतो. तो बापाच्या डोक्यावर असतो. म्हणून एकच वावर मुलाला निववते आणि बापाला जाळते. निसर्ग मनाला बरे करतो हे विधान या अटीशिवाय मला अर्धवट वाटते.

ही फारकत म्हणजे काय, हे समजून घ्यायला या पट्ट्यातल्या माणसाला कुठे दूर जायला नको. १६३० च्या सुमाराच्या भीषण दुष्काळात देहूच्या एका सावकारी करणाऱ्या घराचे दिवाळे निघाले. घरातल्या कर्त्याची थोरली बायको अन्नावाचून गेली, पोटचा मुलगा गेला, गावात पत राहिली नाही. त्या घरातला विशीतला कर्ता तरुण उठून भामनाथाच्या डोंगरावर गेला. परंपरा सांगते की तो तिथे १५ दिवस एकटा बसला, आणि धाकटा भाऊ कान्होबा शोधत तिथे पोहोचला. खाली आल्यावर त्याने काय केले हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. लोकांकडून येणे असलेल्या कर्जखतांचे दोन वाटे केले, भावाचा वाटा भावाला दिला आणि स्वतःचा इंद्रायणीत बुडवला.

तुकोबांच्या चरित्रातल्या या प्रसंगाकडे आपण वैराग्य म्हणून पाहतो. वारकऱ्यांचा तो अधिकार आहे. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. शोकाने आणि कर्जाने पिचलेला माणूस डोंगरावर गेला, आणि तिथे त्याला जी सवड मिळाली तिच्यातून तो दुःखाच्या मुळाशी असलेल्या व्यवहाराबद्दल निर्णय घेऊन उतरला. डोंगराने त्याचे कर्ज फेडले नाही. त्याला पुन्हा निर्णय घेण्याइतके शहाणे मन परत दिले. कॅप्लान ज्याला लक्ष भरून येणे म्हणतात त्याच्या शेवटच्या पायरीवर त्यांनी हेच ठेवले आहे: आपल्या आयुष्याचे काय करायचे याचा विचार करण्याची ताकद.

भामनाथाचा तो डोंगर, म्हणजे भामचंद्र, आज चाकण एमआयडीसीच्या दुसऱ्या टप्प्याला लागून आहे. वासुली, शिंदे, सावरदरी ही त्याच्या पायथ्याची गावे. डोंगराच्या कपारीतून खाली पाहिले की निळे-पांढरे पत्र्याचे शेड दूरवर पसरलेले दिसतात. २००८ मध्ये याच परिसरात डाऊ केमिकलचे संशोधन केंद्र होऊ घातले, तेव्हा गावकरी आणि वारकरी रस्त्यावर उतरले. बंडातात्या कराडकर यांनी त्या आंदोलनाचे नेतृत्व केले, प्रकल्पाच्या जागेवर जाळपोळही झाली, आणि अखेर प्रकल्प तिथून गेला. त्या लढ्यातले दोन मुद्दे सगळ्यांना आठवतात: तुकोबांच्या तपोभूमीचे पावित्र्य आणि भोपाळची आठवण. दोन्ही मुद्दे खरे होते. पावित्र्याच्या भावनेने या राज्यातले किती जंगल वाचले याचा पुरावा माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात केलेल्या देवरायांच्या अभ्यासात आहे. पण पावित्र्य डोंगर वाचवते, त्याच्यापर्यंत जाण्याची सवड देत नाही. समोरच्या शेडमध्ये काम करणाऱ्या किती जणांना हा डोंगर आपला वाटतो? कामावर येता-जाता तो बसच्या खिडकीतून दिसतो एवढेच. आठवड्याची एक सुट्टी कपडे धुण्यात, झोप भरून काढण्यात आणि बऱ्याचदा ओव्हरटाइममध्ये, म्हणजे ओटीत, जाते.

तुकोबांच्या गोष्टीतली जिजाई या चर्चेत कुणाला आठवत नाही. नवरा भंडाऱ्यावर बसलेला, आणि ती घरची चूल सांभाळून भाकरी घेऊन डोंगर चढायची. एकाच्या एकांताचा खर्च दुसरीच्या पायांवर पडत होता. आजही तसेच आहे. भोसरी-चाकणच्या छोट्या युनिटांत पॅकिंग, असेंब्ली, वायरिंग हार्नेसचे काम करणाऱ्या बायका, सोसायट्यांत धुणीभांडी करणाऱ्या बायका, यांच्या दिवसाला दोन शिफ्ट असतात आणि दुसरीचा हजेरीपट कुठेच नसतो. त्यांना टेकडीवर जायचे म्हटले तर चार प्रश्न आधी उभे राहतात: सोबत कोण, अंधार पडायच्या आत परत येता येईल का, वाटेत दारू पिऊन बसलेली टोळकी असतील का, आणि लघवीला कुठे जायचे. स्वच्छतागृह नाही म्हणून घोटभर पाणीही न पिता चढणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. पर्यावरणाचे आराखडे करणाऱ्यांनी यादीत झाडांच्या आधी स्वच्छतागृह लिहावे, असे मी अगदी गांभीर्याने म्हणतो.

आता वेळेकडे येऊ. शरीरातल्या घड्याळाचा उलगडा करणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग या तिघांना २०१७ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले. हे घड्याळ मुख्यतः उजेडावर चालते. सकाळच्या उन्हाने ते लागते, अंधाराने शरीर झोपेची तयारी करते. दर आठवड्याला फिरणारी शिफ्ट या घड्याळाला एका जागी बसूच देत नाही. नव्या वेळेशी जुळते न जुळते तोच तक्ता पुन्हा बदलतो. ‘सकाळच्या कोवळ्या उन्हात फिरा’ हा सर्वमान्य सल्ला थर्ड शिफ्टवाल्याला तर उलटाच बाधतो. रात्रभर जागलेल्या माणसाच्या डोळ्यांवर सकाळचे ऊन पडले की शरीराला दिवस सुरू झाल्याची खूण मिळते आणि आधीच अवघड असलेली झोप आणखी लांबते. त्याने सकाळी डोळे उन्हापासून झाकत घरी यावे, अंधाऱ्या खोलीत झोपावे आणि उठल्यावर, म्हणजे दुपारी, उजेडात आणि झाडांत जावे, हे त्याच्यासाठी योग्य.

आणि दुपारी आपल्या शहरातल्या बहुतेक सार्वजनिक बागांना कुलूप असते. सकाळी काही तास, संध्याकाळी काही तास, मध्ये बंद. ही वेळ निवृत्त माणसांना, सकाळी फिरायला जाणाऱ्या मध्यमवर्गाला आणि शाळेतून सुटलेल्या मुलांना सोयीची आहे. ती ज्या शहरात ठरवली गेली ते शहर तिन्ही शिफ्टमध्ये चालते हे वेळ ठरवणाऱ्यांच्या ध्यानात आले नाही. कारण विचारले तर साधारण एकच उत्तर मिळते: दुपारी बाग उघडी ठेवली तर रिकामटेकडे येऊन झोपतात. ते रिकामटेकडे म्हणजे रात्रभर वेल्डिंग करून आलेला माणूस असू शकतो. त्याला झाडाखालच्या बाकावर तासभर आडवे होता आले, तर ज्या पैशांतून ती बाग झाली त्यांचा याहून चांगला उपयोग मला सुचत नाही.

पिंपरी-चिंचवड नेहमीच असे नव्हते, हेही नोंदवायला हवे. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली तेव्हा तिच्याबरोबर वसाहत आली, मैदान आले, झाडी आली. एचए कॉलनीतली गर्द सावली आजही शहराच्या त्या भागाला वेगळे करते. साठच्या दशकात टेल्कोने इथे उजाड माळ घेतला तेव्हा कंपनीचे प्रमुख सुमंत मूळगावकर यांनी झाडे लावण्याचा आणि आवारात तळे करण्याचा आग्रह धरला. त्या तळ्यावर पुढे स्थलांतरित पक्षी उतरू लागले. मोटारी बनवायच्या जागेत तळे कशाला, हा प्रश्न तेव्हाही विचारता आला असता. मूळगावकरांना कळले होते की माणूस दिवसाचा जागेपणीचा अर्धा वेळ जिथे घालवतो ती जागा त्याच्या मनाला घडवते. पण त्या पिढीचा कामगार परमनंट होता. तळे, कॅन्टीन, वसाहत, मैदान हे सगळे गेटच्या आत होते आणि तो वर्षानुवर्षे गेटच्या आत होता. आजचा कंत्राटी कामगार सात महिन्यांनी ब्रेक घेऊन दुसऱ्या गेटवर उभा असतो. गेटच्या आतली हिरवळ त्याची कधीच होत नाही. मोठ्या प्रकल्पांच्या पर्यावरण मंजुरीत हरितपट्ट्याची अट असते, एमआयडीसीच्या भूखंडावर झाडे लावण्याची अट असते. अटीप्रमाणे झाडे मोजली जातात. त्या झाडांखाली कुणी कधी बसले का, हे मोजायची तरतूद नाही, आणि बहुतेक हरितपट्टे कुंपणाच्या कडेने असे लावलेले असतात की तिथे बसायची सोयच नसते.

यावर कामगार चळवळीतले जुने मित्र एक आक्षेप घेतात आणि तो वजनदार आहे. त्यांचे म्हणणे, पोराच्या मनावर ताण आहे तो कंत्राटाचा. पगार द्या, कायम करा, मन आपोआप जाग्यावर येईल. झाडाबिडांच्या गप्पा म्हणजे मूळ प्रश्नावरून लक्ष उडवणे. यातले पहिले वाक्य मला पूर्ण मान्य आहे. असुरक्षित नोकरी मनाला पोखरते आणि त्यावर झाड हा उपाय नाही. वर्षातून एकदा योगदिन साजरा करून आणि वृक्षारोपणाचे फोटो काढून बारा तासांची ड्युटी खपवणाऱ्या व्यवस्थापनांचाही मला राग आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतली कामाची दैनिक मर्यादा ९ तासांवरून १२ तासांपर्यंत नेण्याच्या दुरुस्तीला मान्यता दिली. बारा तास काम, त्यात चाकणच्या तळेगाव चौकातल्या कोंडीतून जाण्या-येण्याचा वेळ घाला, आणि आठवड्याचे ते दोन तास कुठून येणार ते सांगा.

पण आक्षेपाचा दुसरा भाग मला पटत नाही. आठ तासांच्या दिवसाची मागणी जगभरातल्या कामगारांनी केली तेव्हा त्यांनी आठ तास काम, आठ तास झोप आणि आठ तास स्वतःचे, असे तीन वाटे मागितले होते. तिसरा वाटा कशासाठी, हे विसरून फक्त पगाराची बोलणी करत राहिल्याने तो वाटा आधी ओटीने खाल्ला, मग प्रवासाने आणि आता मोबाइलने. मोकळ्या जागेत, झाडांत, कुणाचीही नोकरी न करता घालवलेला वेळ ही कामगाराची मागणी असली पाहिजे. ती मूळ प्रश्नापासून पळवाट नाही. थकून चक्रात अडकलेले मन संघटनाही करू शकत नाही.

आणि ही मागणी महाग नाही. अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात संशोधकांनी ५४१ पडीक, कचऱ्याने भरलेले भूखंड चिठ्ठ्या टाकल्यासारखे तीन गटांत वाटले. काहींवरचा कचरा काढून साधे गवत पेरले, थोडी झाडे लावली, बुटके लाकडी कुंपण घातले. काहींवरचा फक्त कचरा काढला. काही तसेच ठेवले. २०१८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. हिरव्या केलेल्या भूखंडांजवळ राहणाऱ्यांमध्ये खिन्न वाटण्याचे प्रमाण, काही न केलेल्या भूखंडांच्या तुलनेत, सुमारे ४१ टक्क्यांनी घटले. गरीब वस्त्यांत तर ६८ टक्क्यांहून अधिक. नुसता कचरा काढल्याने तसा लक्षणीय फरक पडला नाही. एका भूखंडाचा खर्च साधारण १६०० डॉलर. इथे ‘बरी असलेली माणसेच बाहेर जातात’ हा आक्षेप टिकत नाही, कारण माणसे होती तिथेच होती आणि हिरवळ त्यांच्या दाराशी नेली गेली. लाभ सर्वांत जास्त झाला तो ज्यांच्याकडे सर्वांत कमी होते त्यांना.

चाकणच्या आसपासच्या गावांत असे तुकडे जागोजाग आहेत. नाणेकरवाडी, कुरुळी, निघोजे, मेदनकरवाडी. एकेकाळी कांदा-बटाट्याची वावरे होती तिथे आता खोल्यांच्या रांगा आहेत, आणि रांगांमध्ये कुणाच्याच ताब्यात नसल्यासारखा उकिरडा. या गावांना महापालिका नाही, उद्यान विभाग नाही. भाडेकरू ग्रामपंचायतीचे मतदार नाहीत म्हणून तिला त्यांच्यासाठी काही करण्याची निकड नाही. एमआयडीसीच्या दृष्टीने तिची हद्द प्लॉटच्या कुंपणाशी संपते. या पट्ट्यात सर्वांत जास्त तरुण माणसे जिथे झोपतात त्या जागेचे पालकत्व कुणाकडेच नाही. मोठमोठी रिव्हरफ्रंट आणि थीम पार्क करण्याआधी या तुकड्यांवर दहा-दहा झाडे, चार बाक, एक नळ, एक दिवा आणि एक स्वच्छतागृह झाले तर मला जास्त समाधान वाटेल. नदीचे म्हणाल तर आळंदीत इंद्रायणीवर फेस तरंगतो तोवर तिचा काठ कितीही सजवला तरी कुणाचे मन तिथे निवणार नाही. नदीकाठ सुधारायचा असेल तर आधी पाणी.

या शहरातल्या माणसांना हे कळत नाही असे नाही. घोरावडेश्वरावर पाण्याचे कॅन खांद्यावर घेऊन चढणारी आणि उन्हाळ्यात रोपे जगवणारी माणसे आहेत. २०२३ मध्ये पुनावळ्याच्या वनजमिनीवर कचरा डेपो नको म्हणून नागरिक उभे राहिले आणि वर्षअखेरीला राज्य सरकारला तो प्रकल्प रद्द झाल्याचे जाहीर करावे लागले. पण त्या गर्दीत सोसायट्यांतले लोक जास्त होते. कामगार वस्त्यांतले लोक तिथे फारसे नव्हते, कारण ते शिफ्टला होते.

त्यांच्या वतीने मागण्या करायला हव्यात आणि त्या आजच्या आज करता येण्याजोग्या आहेत. महापालिकेने प्रत्येक प्रभागातली निदान एक बाग पहाटेपासून रात्रीपर्यंत सलग उघडी ठेवावी. रखवालदाराचा एक जादा पगार एवढाच त्याचा खर्च. कंपन्यांनी शिफ्टचा तक्ता दर आठवड्याला बदलण्याऐवजी जास्त काळ स्थिर ठेवावा आणि गेटमधल्या हरितपट्ट्यात जेवणाच्या सुट्टीत बसण्याची सोय कंत्राटी कामगारांनाही द्यावी. पुढच्या पगारवाढीच्या करारात युनियननी रुपयांच्या कलमाखाली साप्ताहिक सुट्टी ओटीसाठी न मोडण्याचे कलम घालावे. एमआयडीसीने कामगार जिथे राहतात त्या गावांसाठी मोकळ्या जागांचा निधी बाजूला काढावा. भंडारा, भामचंद्र, घोरावडेश्वर यांच्या पायथ्यापर्यंत रविवारी तरी पीएमपीची जादा बस सोडावी.

तुम्ही या शहरात राहत असाल तर तुमच्या प्रभागातल्या बागेच्या फाटकावर लिहिलेली वेळ एकदा नीट वाचा. ती तुमच्या सोयीची असेल, तर ती कुणाच्या गैरसोयीची आहे हे विचारा आणि नगरसेवकाला एक साधा अर्ज लिहा: बाग दुपारी उघडी ठेवा. अर्जावर सही करायला थर्ड शिफ्टची माणसे हवी असतील तर ती दुपारी तीन वाजता फाटकाबाहेरच्या टपरीवर भेटतील.